दांडीची दांडी

गेम बॉयवर टेट्रिस खेळताना ‘स्टार्ट’चं बटण दाबलं की खेळ थांबतो, आणि त्याच क्षणी पडद्यावर रचलेले सगळे ठोकळे दिसेनासे होतात. राहते ती फक्त एक सूचना: पुढे खेळायचं तर पुन्हा स्टार्ट दाबा. दूध उतू चाललं असेल, दारावरची बेल वाजली असेल, बस आली असेल, तर खुशाल थांबा. थांबून विचार मात्र करायचा नाही. बुद्धिबळात असा नियम केला तर अर्धे खेळाडू डाव सोडून उठतील. शब्दकोडं रविवारी अर्धवट टाकून बुधवारी पुरं करता येतं. सुडोकूच्या चौकटीकडे तासभर नुसतं बघत बसलं तरी ती बिचारी जागची हलत नाही. टेट्रिसला आपण याच पंगतीत बसवतो, कोडं म्हणतो. पण हे कोडं सोडवणाऱ्यासाठी थांबत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्याला उत्तरही नाही. तरी हरलेला माणूस यंत्राला शिव्या देत नाही, स्वतःला देतो. या खेळाची सगळी गंमत आणि सगळा वैताग मला या एका गोष्टीत दिसतो.

ज्यांनी तो कधी हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी नियम. चार-चार चौरसांचे सात आकार आहेत: एक लांब दांडी, एक चौकोन, एक टीसारखा, दोन एलसारखे (एक उजवा, एक डावखुरा) आणि दोन वाकडे, एससारखा आणि झेडसारखा. एका वेळी एक आकार वरून खाली येतो. तो सरकवायचा, फिरवायचा आणि खालच्या ढिगात बसवायचा. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरचा ढीग एक पायरी खाली येतो. ढीग वरपर्यंत पोचला की संपलं. ज्या विहिरीत हे सगळं चालतं तिची रुंदी 10 चौरस. उंची बहुतेक आवृत्त्यांत 20, गेम बॉयवर मात्र 18. कारण अगदी व्यवहारी आहे. गेम बॉयच्या पडद्यावर आडवे 160 आणि उभे 144 ठिपके होते, एक चौरस 8 ठिपक्यांचा, आणि 144 भागिले 8 म्हणजे 18. पडदा संपला तिथे विहीर संपली.

रुंदी 10 आणि ठोकळा 4 चौरसांचा, ही जोडी मुळातच न जमणारी आहे. 10 ला 4 ने भाग जात नाही. त्यामुळे एकच ओळ नेमकी भरली, नाहीशी झाली आणि मागे काहीच उरलं नाही, असं होऊच शकत नाही. विहीर पूर्ण कोरी व्हायची तर पडलेल्या ठोकळ्यांची संख्या 5 च्या पटीत हवी आणि गेलेल्या ओळींची संख्या सम. एरवी प्रत्येक ओळ जाता जाता पुढच्या ओळींसाठी काहीतरी उरवून ठेवते, आणि खेळणारा ते निस्तरत बसतो.

हे आकार मुळात खेळण्यातले आहेत. अमेरिकन गणितज्ञ सॉलोमन गोलोम यांनी 1953 मध्ये, विद्यार्थी असताना, एकमेकांना कडेने चिकटलेल्या चौरसांच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. पुढे 1965 मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. पाच-पाच चौरसांचे असे 12 आकार होतात. ते सगळे 6 बाय 10 च्या पेटीत नीट बसवायचे, हे लाकडी कोडं जगभर खपलं. मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांना ते फार आवडायचं. 1984 मध्ये त्यांनी ते संगणकावर आणायचं ठरवलं, पाच चौरसांऐवजी चारचे आकार घेतले, आणि ते वरून पडू दिले. जवळचा संगणक होता इलेक्ट्रोनिका 60. त्याला चित्रं काढता येत नव्हती, फक्त अक्षरं उमटायची. म्हणून पाजित्नोव यांनी कंसांच्या जोड्या शेजारीशेजारी मांडून ठोकळे तयार केले. पहिली अडचण अशी आली की पडदा काही क्षणांतच भरून जाई आणि खेळ संपे. मग भरलेली ओळ पुसून टाकायची युक्ती सुचली. पुढे वादिम गेरासिमोव नावाच्या 16 वर्षांच्या मुलाने तो खेळ आयबीएमच्या संगणकावर आणला आणि त्याला रंग दिले. तिथून तो मॉस्कोभर पसरला, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर.

पाच चौरसांवरून चारवर येताना पाजित्नोव यांनी नकळत एक मोठी गोष्ट केली, असं मला वाटतं. पाच चौरसांच्या 12 आकारांनी 6 बाय 10 ची पेटी भरायचे वेगवेगळे मार्ग 2,339 आहेत. आता टेट्रिसचे सात आकार पुठ्ठ्यातून कापा. चौरस एकूण 28. ते 4 बाय 7 च्या पेटीत बसवून बघा. मार्ग शून्य. पेटीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौरस रंगवले तर 14 काळे आणि 14 पांढरे येतात. सातपैकी सहा आकार, कुठेही कसेही ठेवा, 2 काळे आणि 2 पांढरे झाकतात. टी मात्र एका रंगाचे 3 आणि दुसऱ्याचा 1 झाकतो. म्हणजे बेरीज 15 आणि 13 होणार, 14-14 कधीच नाही. ज्या कोड्याला हजारो उत्तरं होती त्यातून एकही उत्तर नसलेला संच निघाला. पेटीतलं कोडं म्हणून तो निरुपयोगी ठरला असता. पण पडता खेळ म्हणून सोन्यासारखा निघाला, कारण तिथे काम कधी संपतच नाही.

यानंतर हक्कांचा गुंता झाला, त्यावर पुस्तकं आणि चित्रपटही निघाले आहेत, म्हणून इथे थोडक्यात. परदेशी व्यापाराचे हक्क एलोर्ग या सोव्हिएत सरकारी संस्थेकडे होते. फेब्रुवारी 1989 मध्ये तीन परदेशी पक्ष एकाच सुमारास मॉस्कोत तिच्या दारात उभे होते: हंगेरीत जन्मलेले दलाल रॉबर्ट स्टाइन, ब्रिटिश वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांचा मुलगा केव्हिन, आणि जपानात खेळांचा धंदा करणारे डच वंशाचे हेंक रॉजर्स. हातात धरायच्या यंत्रांसाठीचे हक्क रॉजर्स यांना मिळाले. स्वतः पाजित्नोव यांना खेळाचं मानधन सुरू व्हायला 1996 उजाडलं.

रॉजर्स यांना ते हक्क ज्या यंत्रासाठी हवे होते तो निन्टेंडोचा गेम बॉय 21 एप्रिल 1989 ला जपानात विक्रीला आला आणि जुलैच्या अखेरीस अमेरिकेत. त्याचे जनक गुन्पेई योकोई 1965 मध्ये निन्टेंडोत लागले ते पत्ते बनवायच्या यंत्रांची देखभाल करायला. बुलेट ट्रेनमध्ये एक कारकून कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांना दिसला आणि त्यातून हातात मावणाऱ्या खेळांची कल्पना सुचली, अशी हकिकत सांगतात. योकोई यांचं तत्त्व होतं की नव्याकोऱ्या, महाग तंत्रामागे धावायचं नाही. जे तंत्र जुनं, स्वस्त आणि पारखलेलं झालंय त्याचा वेगळा उपयोग शोधायचा. म्हणून गेम बॉयचा पडदा हिरवट करडा, चार छटांचा. त्यात दिवा नाही, त्यामुळे अंथरुणात अंधारात खेळायची सोय नाही. उन्हात मात्र झकास दिसतो. वस्तू वेगाने हलली की मागे पुसट शेपूट राहते. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत, उजळ पडदा होता. पण 6 सेल घालून तो चार-पाच तासांत माना टाकायचा. गेम बॉय 4 सेलवर सहज 10 तासांहून अधिक चाले. दिवसाअखेरीस लिंक्सवाला सेल विकत घ्यायला गेलेला असे आणि गेम बॉयवाला खेळत असे.

अमेरिकेत प्रत्येक गेम बॉयबरोबर कुठला खेळ द्यायचा हा प्रश्न होता. मारिओ हे साहजिक उत्तर. निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना रॉजर्स यांनी पटवलं की मारिओ दिलात तर लहान मुलं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. झालंही तसंच. या एका आवृत्तीच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती गेल्या. पण यात चतुर सौद्यापेक्षा जास्त काही होतं. इलेक्ट्रोनिका 60 वर जन्मलेल्या खेळाला रंग नको होता, झगमगाट नको होता, मोठा पडदा नको होता. गेम बॉयकडे यातलं काहीच नव्हतं. ठोकळे एकेक पायरी उतरतात, त्यामुळे त्या पडद्याची शेपटं सोडायची खोड इथे नडत नाही. रंग नाहीत तर प्रत्येक आकाराच्या चौरसांवर वेगळी नक्षी दिली, काम भागलं. 1993 मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन मीर स्थानकावर गेले, यात मला नवल वाटत नाही.

आता सुखाकडे वळू. पहिलं सुख हाताचं आहे, आणि ते संशोधकांनी मोजलं आहे. सॅन डिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांच्या बटणांची बारीक नोंद ठेवली आणि 1994 मध्ये निष्कर्ष मांडले. अपेक्षा अशी असते की माणूस आधी मनात ठरवेल, मग बटण दाबेल. प्रत्यक्षात आकार पुरता दिसण्याआधीच बोटं तो फिरवायला लागतात. गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात, नेऊन परत आणतात. वरकरणी हा वायफळ खटाटोप. पण मनातल्या मनात आकार चतकोर फिरवून बघायला सेकंदभर लागतो, आणि बटणाने फिरवायला त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. म्हणजे डोक्याने करायचा विचार हात बाहेर, पडद्यावर करून दाखवतो, आणि डोळा नुसता बघून ठरवतो. सराईत माणूस यात कमी पडत नाही, उलट अधिक फिरवतो. भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ किती फिरवायचं हे विचारा, ती सांगू शकणार नाही. हात थांबले की तीही अडखळेल. टेट्रिसमध्ये हे सुख दहा मिनिटांत कुणालाही मिळतं, त्यासाठी वर्षांची साधना लागत नाही.

दुसरा पुरावा त्याच्याही दोन वर्षं आधीचा. 1992 मध्ये रिचर्ड हायर यांनी काही नवख्यांना टेट्रिस शिकवलं आणि काही आठवड्यांच्या सरावाआधी व नंतर त्यांच्या मेंदूतला साखरेचा वापर तपासला. खेळ कित्येक पटींनी सुधारला होता आणि मेंदूचा खर्च कमी झाला होता. अवघड काम स्वस्तात होतंय ही जाणीव मोठी लाडकी असते. म्हणून तर मन दुसरीकडेच असताना, कुणाचा तरी फोन कधी येईल याची काळजी करत असताना, हात मात्र ओळीमागून ओळ पुसत राहतात.

आणि इथेच दांडीचा प्रवेश होतो.

गेम बॉयवर पहिल्या पातळीला एक ओळ पुसली तर 40 गुण. दोन एकदम पुसल्या तर 100, तीन पुसल्या तर 300, आणि चार एकदम पुसल्या तर 1,200. चार ओळी सुट्या सुट्या पुसून 160 मिळतात. त्याच चार एका फटक्यात पुसून साडेसातपट. पातळी वाढेल तसे हे आकडे वाढतात, प्रमाण तेच राहतं. चार ओळी एकदम पुसणारा आकार एकच, लांब दांडी. म्हणून थोडा सरावलेला माणूस विहिरीची एक कड मुद्दाम मोकळी ठेवतो, बाकीच्या नऊ चौरसांत भिंत रचत जातो आणि दांडीची वाट बघतो. भिंत चार ओळींची होते. दांडी येत नाही. पाच, सहा, आठ ओळी होतात. एखादा वाकडा येऊन नको तिथे भोक पाडतो. दांडी नेमकी आजच दांडी मारून बसलेली असते. आता सुटा मार्ग घ्यायचा, त्या मोकळ्या कडेत एखादा एल टाकून जीव वाचवायचा, की अजून एक ठोकळा थांबायचं? पुढचा ठोकळा कुठला ते कोपऱ्यात दिसत असतं. तो दांडी नसतो. थांबतोच माणूस.

यात नशिबाचा वाटा किती? सातही आकार दर वेळी सारख्याच शक्यतेने येतात असं धरलं, तर सलग 20 ठोकळ्यांत एकही दांडी न येण्याची शक्यता साधारण साडेचार टक्के निघते. म्हणजे लांबलेल्या खेळात हा दुष्काळ कधी ना कधी पडणारच. 2000 नंतरच्या अधिकृत आवृत्त्यांनी तो कायद्याने बंद केला. त्यांत सातही आकार जणू एका पिशवीत घालून एकेक काढले जातात, पिशवी संपल्याशिवाय नवी भरत नाहीत; त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये फार तर 12 ठोकळे येऊ शकतात. न्याय झाला, हे खरं. पण रेशनवर मिळणाऱ्या दांडीला ती जुनी चव नाही. जुन्या गेम बॉयवर ती येते तेव्हा कुणीतरी आपली दखल घेतल्यासारखं वाटतं. सरसर उतरते, खाचेत बसते, चार ओळी लुकलुकतात आणि भिंत धाडकन खाली येते. इतकी स्वच्छ, इतकी पूर्ण आवराआवर घरात कधी होत नाही.

वैतागाच्या काही जागा मात्र शुद्ध यंत्राच्या आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. भिंतीला चिकटलेला आकार गेम बॉयवर फिरत नाही. जागा नाही म्हणून मख्ख राहतो. नंतरच्या आवृत्त्यांत तो आपण होऊन एक घर सरकून फिरतो. बाजूचं बटण दाबून धरलं तर ठोकळा एक घर सरकतो, क्षणभर थबकतो आणि मग पुढे चालू लागतो. सुरुवातीच्या पातळीला हे चालून जातं. तिथे वरून तळाला पोचायला 16 सेकंद लागतात. दर 10 ओळींनी पातळी चढते, आणि 20 व्या पातळीला तेच अंतर सेकंदाच्या आत संपतं. तिथे ते थबकणं जीवघेणं ठरतं. आणि सर्वांत मोठा अन्याय म्हणजे या काडतुसात आठवण ठेवायची सोयच नाही. सर्वोत्तम तीन गुणसंख्या नावानिशी लिहून घेतल्या जातात, आणि यंत्र बंद केलं की पुसल्या जातात. सेल संपले की विक्रमही संपला. अमेरिकेतली मुलं म्हणून पडद्याचा फोटो काढून ‘निन्टेंडो पॉवर’ मासिकाला पाठवायची. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांचं नाव तिथे इतक्यांदा छापून आलं की मासिकाने ते छापणं थांबवलं; मग त्यांनी स्वतःचं नाव उलटं लिहून पाठवलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे.

दोन गेम बॉय वायरने जोडून दोघांना खेळता येई. तिथे एकाच्या पुसलेल्या ओळी दुसऱ्याच्या विहिरीत तळातून वर ढकलल्या जातात. एकट्याच्या खेळात कुणाला दोष देता येत नाही. इथे एक माणूस समोर बसलेला असतो, आणि भावंडांमध्ये हे धोक्याचं आहे.

यंत्र बंद केल्यावर खेळ बंद होतो असंही नाही. डोळे मिटले की ठोकळे पडतच राहतात, हे बहुतेक टेट्रिसकरांना माहीत असतं. हार्वर्डचे झोपेचे अभ्यासक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांना एकदा डोंगर चढून आलेल्या रात्री झोप लागता लागता पुन्हा कड्यावर चढत असल्याचा भास झाला. हे प्रयोगशाळेत कसं आणायचं याचा शोध घेताना त्यांनी टेट्रिस निवडलं. 2000 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात 27 जण होते. काही नवखे, काही मुरलेले, आणि 5 जण स्मृतिभ्रंशाचे, ज्यांच्या मेंदूत नवी आठवण टिकत नव्हती. तीन दिवस मिळून सात तास खेळायचं, आणि झोप लागण्याच्या उंबरठ्यावर काय दिसतं ते सांगायचं. पडणारे, फिरणारे, एकमेकांत बसणारे आकार अनेकांना दिसले. पण त्या पाचपैकी तिघांनीही आकार दिसल्याचं सांगितलं, आणि आपण असा काही खेळ खेळलोय हे त्यांना आठवतही नव्हतं. खेळ विसरला गेला होता, आणि आकार तरीही पडत होते.

ही चिकटण्याची ताकद उलट्या दिशेनेही वापरून बघितली गेली. ऑक्सफर्डला एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की भयंकर दृश्यांची चित्रफीत बघितल्यानंतर थोड्या वेळाने टेट्रिस खेळणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं नको असताना डोळ्यांपुढे येण्याचं प्रमाण कमी राहिलं. डोळ्यांपुढची जागा ठोकळ्यांनी अडवली की दुसऱ्या चित्रांना तिथे घट्ट बसायला वाव मिळत नाही, अशी त्यामागची मांडणी. पुढे रस्ते अपघातातून रुग्णालयात आलेल्यांवरही हा प्रयोग झाला आणि निष्कर्ष त्याच दिशेचे आले. मात्र यावरून टेट्रिस हे औषध आहे असं कुणी विकत असेल तर सावध राहिलेलं बरं.

आपल्याकडे खरा गेम बॉय फार थोड्या घरांत आला. 1990 च्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती पडला तो त्याचा बिनपरवाना चिनी चुलतभाऊ, ब्रिक गेम. वर ‘9999 इन 1’ असं छापलेलं. आत मोजके खेळ, आणि त्यांचेच वेग आणि पातळ्या बदलून केलेले उरलेले हजारो. पडदा आणखी गरीब: 10 बाय 20 चे काळे चौरस काचेत आधीच कायमचे आखलेले, नुसते उमटायचे किंवा नाहीसे व्हायचे. म्हणून त्यातली मोटार चौरसांची, रणगाडा चौरसांचा, सापही चौरसांचाच. पण टेट्रिसला त्याहून जास्त काही लागतच नाही. जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांतून, स्टेशनबाहेरच्या ठेल्यांवरून तो घरी आला आणि रिमोटचे, ट्रान्झिस्टरचे सेल घरातून गायब व्हायला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक गेम आणि पाच चुलत-मामे भावंडं अशी परिस्थिती असे. ‘आऊट झालास की दे’ हा करार, आणि आऊट न होणाऱ्या दादाचा सगळ्यांना येणारा संताप. त्या वयात कुणाला मॉस्को ठाऊक नव्हतं. आज हाच खेळ फोनवर फुकट मिळतो, पण काचेवर बटण जाणवत नाही. बोट ठोकळ्यावर आलं की ठोकळा दिसत नाही, आणि हाताने विचार करायची सगळी सोय तिथेच जाते.

दोषाचा हिशेब अजून राहिलाय. 1997 मध्ये हायडी बर्गिल यांनी सिद्ध केलं की एस आणि झेड हे दोनच वाकडे आकार आळीपाळीने येत राहिले, तर जगातला कितीही हुशार खेळाडू 70,000 ठोकळ्यांच्या आत हरणारच. आकार यदृच्छेने येत असतील आणि खेळ अनंत काळ चालणार असेल, तर तशी रांग कधीतरी लागणारच. म्हणजे तत्त्वतः टेट्रिस जिंकता येत नाही. 2002 मध्ये एमआयटीतल्या एरिक डेमेन, सुझन होहेनबर्गर आणि डेव्हिड लिबेन-नोवेल यांनी आणखी एक दार बंद केलं. कुठले ठोकळे कोणत्या क्रमाने येणार याची पूर्ण यादी आधी हातात दिली, तरी त्यांची सर्वोत्तम रचना शोधणं हा गणकशास्त्रातल्या सर्वांत चिवट प्रश्नांच्या जातीचा प्रश्न आहे. डिसेंबर 2023 मध्ये ओक्लाहोमातल्या 13 वर्षांच्या एका मुलाने निन्टेंडोच्या जुन्या टीव्हीवरच्या आवृत्तीत 157 वी पातळी गाठली आणि यंत्रच गोठलं, म्हणून तो जिंकला असं बातम्यांत आलं. त्याने खेळ संपवला नव्हता. खेळाचा प्रोग्राम त्याच्याआधी थकला होता.

पण हे सिद्धांत कुणाला दिलासा देत नाहीत, आणि त्याचं कारण ढिगात दिसतं. जे ठोकळे नीट बसले ते ओळीसकट गेले, त्यांची खूणही राहिली नाही. हरताना पडद्यावर जे उरलेलं असतं ते सगळं चुकलेलं. तळाजवळचं ते भोक आपण पाडलं होतं. मधला तो वाकडा घाईत टाकला होता. कडेची खाच हावेपायी मोकळी ठेवली होती. दांडी आली नाही हे खरं, पण तिची वाट बघत बसायला कुणी सांगितलं होतं? समोर शत्रू नाही, पंच नाही, लबाडी नाही. पुराव्यांचा अख्खा पंचनामा समोर मांडलेला असतो आणि त्यावर सही एकाच माणसाची असते. म्हणून ‘गेम ओव्हर’च्या पाटीखालीच अंगठा पुन्हा स्टार्टकडे जातो: या वेळी ती चूक करायची नाही.

2023 मध्ये निन्टेंडोने गेम बॉयवरचं हे टेट्रिस आपल्या स्विच यंत्राच्या वर्गणीदारांना उपलब्ध करून दिलं. तोच हिरवट पडदा, त्याच 18 ओळी. सोबत दोन नव्या सोयी: खेळ हवा तिथे साठवून ठेवता येतो, आणि काही सेकंद मागे नेता येतो. गुणसंख्या आता पुसली जात नाही, हे उत्तमच. मागे न्यायची सोय मात्र मला खटकते. वाकडा चुकीच्या जागी पडला, मागे न्या. दांडीची वाट बघणं अंगाशी आलं, मागे न्या, खाच बुजवा. ढिगात आपली एकही चूक उरत नाही; आणि मग पुन्हा खेळायला बसायचं तरी कुणाशी भांडायला?